भाचीच्या वाढदिवसाला विज्ञान-प्रोग्रॅमिंगच्या कॉमिक्सपैकी काय देऊ? बजेट ₹७००

लालबागची_मावशी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी भाची सोळा वर्षांची होतेय. दहावीपर्यंत मराठी शाळा, यंदा अकरावी सायन्स, आयटी विषय घेतलाय. राहते डोंबिवलीला.

मी पंधरा वर्षं एक्सकेसीडी वाचतेय, रँडल मन्रोचं इंटरनेटवरचं इंग्रजी कॉमिक. सोमवार-बुधवार-शुक्रवारी नवं चित्र येतं, पण तिकडचा सोमवार संपता संपता आपला मंगळवार उजाडतो. म्हणून मंगळ, गुरु, शनि सकाळी करी रोडला गाडीत चढले की पहिलं तेच उघडते. काडीची माणसं, दोन-चार चौकटी. कधी विक्रोळी येईपर्यंत डोक्यात प्रकाश पडतो, कधी दुपारी डबा खाताना.

गेल्या महिन्यात भाची राहायला आली होती आणि डीबीएमएसचा, म्हणजे डेटाबेसचा धडा वाचून कंटाळली होती. तिला ३२७ नंबरचं दाखवलं. शाळेतून आईला फोन येतो, तुमच्या मुलाचं नाव खरंच असं आहे का? रॉबर्ट, पुढे अवतरणचिन्ह, कंस बंद, अर्धविराम, मग 'ड्रॉप टेबल स्टुडंट्स', म्हणजे विद्यार्थ्यांचं टेबल उडवायचा हुकूम. शाळेची वर्षभराची नोंद उडालेली. भाची आधी गप्प बसली. मग वही ओढली, इन्सर्टची क्वेरी, म्हणजे नोंद घालायचा हुकूम लिहिला, त्यात मुलाच्या नावाच्या जागी ते अख्खं नाव लिहायला लागली आणि पेन मध्येच थांबलं. "मावशी, अवतरण इथेच बंद झालं! पुढचं नाव नाहीच, पुढचा हुकूम आहे!" हसली ती त्यानंतर. मला तो क्षण तिला पुन्हा पुन्हा मिळायला हवाय.

अडचणी अशा. फोन तिचा स्वतःचा नाही, आईबरोबर वाटून वापरते, म्हणून नुसती लिंक नको, हातात धरता येईल असं काहीतरी हवं. इंग्रजी समजतं पण सावकाश. आणि बजेट ₹७००, त्यापुढे जमणार नाही. एसएमबीसी, पीएचडी कॉमिक्स, डायनोसॉर कॉमिक्स मी वाचलीत. त्यापलीकडचंही चालेल.

पवई_टेक | सोमवार, रात्री १०:०२

सरळ टॅब घ्या. मी मुलाला पेनसकट घेऊन दिला, साधारण ₹१८,०००. सगळी कॉमिक्स त्यावर फुकट दिसतात, वर अभ्यासही होतो. पुस्तकं वर्षभरात रद्दीत जातात.

चुनाभट्टीकर | सोमवार, रात्री १०:११

ताई, 'थिंग एक्सप्लेनर' घ्या. त्याच रँडल मन्रोचं, २०१५ चं. अंतराळ स्थानकापासून पेशीपर्यंत सगळं इंग्रजीतले सर्वांत जास्त वापरातले फक्त एक हजार शब्द घेऊन समजावलंय. सुरुवात एक्सकेसीडीतल्याच सॅटर्न ५ रॉकेटच्या चित्रापासून झाली होती. सावकाश इंग्रजी वाचणाऱ्या मुलीला याच्यासारखं दुसरं नाही. माझा मुलगा सातवीत असताना आम्ही रोज रात्री एक पान वाचायचो, अजून त्याला पानं तोंडपाठ आहेत.

एकच तक्रार, पुस्तक केवढं मोठं आहे! कॉलेजच्या सॅकमध्ये मावत नाही. आणि ₹७०० मध्ये नवं मिळणं कठीण, थोडे वाढवा.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:३०

'व्हॉट इफ' घ्या. मन्रोचंच, २०१४ चं पुस्तक. चेंडू प्रकाशाच्या ९० टक्के वेगाने टाकला तर काय होईल, असले प्रश्न आहेत त्यात. मी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर ₹२५० ला घेतलं, कव्हरचा कोपरा सोडला तर कोरं. घासाघीस करावी लागते, पहिल्या भावाला घेऊ नका.

कांदाभजी | सोमवार, रात्री १०:३४

'व्हॉट इफ' ला +१. जरूर घ्या.

गिरगाव_चौपाटी | सोमवार, रात्री १०:५१

'व्हॉट इफ' चांगलंच आहे, पण त्यात कॉमिक्स कुठे? लेख आहेत, मध्ये मध्ये चित्रं. धागाकर्तीने काय विचारलंय ते वाचा की.

पीएचडीचं_सहावं_वर्ष | सोमवार, रात्री ११:२०

पीएचडी कॉमिक्स! जॉर्गे चॅमने १९९७ साली स्टॅनफर्डला स्वतः पीएचडी करता करता सुरू केलं. गाईडला मेल पाठवून उत्तराची वाट बघण्यावर त्याने जे काढलंय ते माझ्या खुर्चीच्या मागे चिकटवलंय. संशोधन म्हणजे काय हे मुलीला आत्ताच कळलेलं बरं. माझ्या गाईडनी चॅप्टर तीन परत पाठवून आज ४७ दिवस झाले.

गिरगाव_चौपाटी | सोमवार, रात्री ११:२६

ती अकरावीत आहे हो. तिला कसला गाईड आणि कसला चॅप्टर. (तुमच्या चॅप्टरला मनापासून शुभेच्छा.)

सर्व्हर_डाउन | मंगळवार, सकाळी ८:१५

३२७ चा विषय निघालाय म्हणून लिहितो. धागाकर्तीने नावाचं शेवटचं टोक सोडलं. शेवटी अर्धविरामानंतर दोन आडव्या रेघा आहेत आणि त्याच सगळ्यात महत्त्वाच्या. मूळ क्वेरीचं जे शेपूट उरतं, ते त्या रेघांमुळे कॉमेंट होतं, म्हणजे डेटाबेस ते वाचतच नाही. नाहीतर तिथे चूक येईल. भाचीला हे सांगाच.

दुसरं, आजकाल डेटाबेसशी बोलणाऱ्या बऱ्याच लायब्ररी (तयार कोड) एका हाकेत दोन हुकूम चालवतच नाहीत. पायथन भाषेत एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं 'एक्झिक्यूट' एकाहून जास्त हुकूम दिले की एरर देतं.

जुना_डीबीए | मंगळवार, सकाळी ८:४४

म्हणून धोका संपला असं मुलांना शिकवू नका. ड्रॉप टेबल नाही चाललं तरी अवतरण बंद करून पुढे 'ऑर एक बरोबर एक' (किंवा १ = १, जे नेहमीच खरं) लिहिलं की लॉगिन उघडतं, त्याला दुसरा हुकूम लागत नाही. उपाय एकच. क्वेरीत नाव जोडायचं नाही, तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नाव वेगळं पाठवायचं. मग नावात काहीही असो, ते नावच राहतं.

भाचीला खेळायचं असेल तर एसक्यूलाइटमध्ये चार नावांचं टेबल करून 'एक्झिक्यूटस्क्रिप्ट' ने ते नाव घालू द्या. टेबल स्वतःच्या डोळ्यांसमोर उडालं की आयुष्यभर विसरत नाही. माझं उडालंय, खरं, कामाच्या ठिकाणचं. बॅकअप आदल्या रात्रीचा होता म्हणून वाचलो.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:०५

माझं सगळ्यात लाडकं २३४७. सगळ्या आधुनिक डिजिटल जगाचा ठोकळ्यांचा मनोरा, आणि खाली एक बारीक काडी, जी नेब्रास्कातला कोणी एक माणूस २००३ पासून कोणाच्याही आभाराविना सांभाळतोय. चित्र ऑगस्ट २०२० चं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे फुटलं तेव्हा ते मी जगलो. जावाच्या प्रोग्रॅममध्ये नोंदी लिहिणारी ती साधी लायब्ररी, सांभाळणारे मूठभर स्वयंसेवक, आणि जगभर तीच वापरात. आम्ही तीन रात्री घरी गेलो नाही. कोणत्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे याची यादीच आमच्याकडे नव्हती. तिसऱ्या पहाटे टपरीवर चहा पिताना टीममधल्या मुलीने ते चित्र फोनवर दाखवलं. कोणीच काही बोललं नाही.

भाचीला हे द्या. प्रिंट काढून फ्रेम करा. आमच्याकडे चांगली लाकडी फ्रेम ₹१,५०० ला झाली.

लालबागची_मावशी | मंगळवार, दुपारी १:१०

सर्वांचे आभार. @सर्व्हर_डाउन, त्या दोन रेघा मी खरंच गाळल्या, आज संध्याकाळी फोन करून सांगते. @जुना_डीबीए, प्रश्नचिन्हाची गोष्ट तिला वहीत लिहून देते.

बजेट ₹७०० च आहे हो.

पवई_टेक | मंगळवार, दुपारी १:२५

टॅबला हप्ते असतात. महिन्याला ₹१,५०० च्या आसपास.

डोंबिवली_फास्ट | मंगळवार, दुपारी २:००

९३६ द्या तिला, पासवर्डचं. अक्षरं बदलून, आकडे घालून केलेला अवघड पासवर्ड २८ बिट्सचा (बिट्स म्हणजे ओळखायला किती कठीण त्याचं माप, एक वाढला की अंदाज दुप्पट) आणि चार साधे शब्द ४४ बिट्सचे. सेकंदाला हजार अंदाज धरले तर पहिला ३ दिवसांत फुटतो, दुसऱ्याला ५५० वर्षं. आमच्या ऑफिसात दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावतात, त्यामुळे सगळ्यांच्या पासवर्डाच्या शेवटी महिन्याचा आकडा. मी तो अमेरिकन मानक संस्थेचा, एनआयएसटीचा, २०१७ चा दस्तऐवज दाखवला. कारणाशिवाय ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका असं त्यात स्वच्छ लिहिलंय. उत्तर मिळालं, पॉलिसी आहे.

कांदाभजी | मंगळवार, दुपारी २:०८

चार शब्दांना +१. मी पण तसाच केलाय, बायको, मुलगा, गाव आणि कुत्र्याचं नाव.

जुना_डीबीए | मंगळवार, दुपारी २:१९

@कांदाभजी, आज रात्री तो बदला. ४४ बिट्सचा हिशोब असा आहे: २,०४८ शब्दांच्या यादीतून चिठ्ठी काढावी तसा एकेक शब्द निघाला तर प्रत्येकी ११ बिट्स, चार शब्दांचे ४४. आपण मनाने निवडले की हिशोब कोसळतो. तुमच्या घरची नावं फेसबुकवर आहेत. फासे टाका. पाच फाशांची ७,७७६ शब्दांची यादी नेटवर मिळते.

कांदाभजी | मंगळवार, दुपारी २:३१

फासे नाहीत घरी. सापशिडीचा एक आहे.

जुना_डीबीए | मंगळवार, दुपारी २:३३

एकच पाच वेळा टाका, तेच होतं.

रेषा_आणि_हास्य | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

अवांतर वाटेल, पण राहवत नाही. मराठी शाळेतल्या मुलीला काडीच्या माणसांसाठी अमेरिकेला कशाला न्यायचं? शि. द. फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली आहेत. एक शब्द न लिहिता माणूस हसतो आणि विचारही करतो. त्यांचं पुस्तक द्या. नागपूरच्या रोहन चक्रवर्तींची 'ग्रीन ह्यूमर'ची प्राण्यांची कॉमिक्सही पाहा. इंग्रजीत आहेत, पण शेकरू आणि माळढोक आपले आहेत.

लालबागची_मावशी | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

@रेषा_आणि_हास्य, अजिबात अवांतर नाही. फडणीसांची चित्रं आमच्या घरी आहेत, भाची त्यावरच वाढली. म्हणूनच तिला चित्राकडे थांबून बघायची सवय आहे. पण तिला प्रोग्रॅमिंगमधलं हसू हवंय, आणि तसं मराठीत माझ्या पाहण्यात नाही. ही खंत मलाही आहे.

नौदलनगर | मंगळवार, रात्री ८:०२

तिला 'चाय अँड व्हाय' ला घेऊन जा. टीआयएफआरचे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक रविवारी गप्पांसारखं विज्ञान सांगतात. मी जुहूच्या पृथ्वी थिएटरला आणि रुपारेल कॉलेजला, दोन्हीकडे बसलोय. पैसे लागत नाहीत, मुलं काय वाट्टेल ते विचारतात आणि कोणी हसत नाही. ₹७०० मध्ये दोघींचं लोकलचं तिकीट आणि वडापाव होऊन उरतील.

मगवाला | मंगळवार, रात्री ९:३०

टी-शर्ट द्या. मी एका स्टॉलवरून घेतला होता एक्सकेसीडीतला 'सुडो' सँडविचवाला ('सुडो' म्हणजे कॉम्प्युटरला मालकाच्या हक्काने दिलेला हुकूम). दुसऱ्या धुण्यात सँडविच गेलं, नुसतं 'सुडो' उरलं. पण पोरांना आवडतो.

सर्व्हर_डाउन | मंगळवार, रात्री ९:४१

असे टी-शर्ट विकणं नियमात बसत नाही. एक्सकेसीडीचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे, नाव द्या आणि पैसे कमावू नका या अटीवर. स्वतःसाठी छापा, मित्राला द्या, भाषांतर करा, चालतं. विकायचं नाही.

मगवाला | मंगळवार, रात्री ९:४५

मला काय माहीत. स्टॉलवर होता, घेतला.

ठाणे_खाडी | मंगळवार, रात्री ११:५०

कोणीच ११९० चं नाव काढलं नाही म्हणून रात्री लॉगिन केलं. 'टाइम'. मार्च २०१३ मध्ये एक चित्र आलं, दोन माणसं वाळूत बसलेली. अर्ध्या तासाने ते किंचित बदललं. मग दर तासाला एक, असं चार महिने, एकूण ३,०९९ चौकटी. २०१४ चा ह्यूगो, विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला. मी पहिल्या आठवड्यापासून होतो. पावसात गाड्या बंद पडून मुलुंडला अडकलो होतो तेव्हाही दर तासाला बघत होतो, समुद्र चढत चाललेला, आणि इकडे रुळांवर पाणी. आता सगळं सलग बघता येतं, पण वाट बघण्यात जे होतं ते सलग बघण्यात नाही. भाचीला रोज एकच चौकट दाखवा.

गिरगाव_चौपाटी | बुधवार, सकाळी ७:३०

रोज एक म्हणजे साडेआठ वर्षं लागतील.

ठाणे_खाडी | बुधवार, सकाळी ७:५२

लागू देत.

सापळा_पायथन | बुधवार, सकाळी १०:१०

फुकटचं सुचवतो. पायथनमध्ये 'इम्पोर्ट अँटिग्रॅव्हिटी' लिहून एंटर मारायला सांगा, कारण सांगू नका. ब्राउझर उघडून ३५३ नंबरचं कॉमिक समोर येतं. कॉमिक २००७ चं. पायथन करणाऱ्यांनी ते खरंच भाषेत घालून ठेवलंय. माझ्या क्लासच्या पहिल्या दिवशी मी हेच करतो.

आणि चित्रावर माउस नेला की दिसणारी ओळ चुकवू नका, निम्मी मजा तिथे आहे. फोनवर दिसत नाही, त्यासाठी पत्त्याच्या आधी 'एम' लावून मोबाइलची साइट उघडायची. प्रोग्रॅमने हवं असेल तर प्रत्येक कॉमिकच्या पत्त्यापुढे 'इन्फो.०.जेसन' जोडा, शीर्षक, तारीख, चित्राचा पत्ता आणि ती ओळ, सगळं मिळतं.

चुनाभट्टीकर | बुधवार, सकाळी १०:३५

'थिंग एक्सप्लेनर' चं काय ठरलं?

अर्धविराम | बुधवार, सकाळी ११:००

किंग्ज सर्कलला काल गेलो होतो, 'व्हॉट इफ' ची एक प्रत अजून आहे. ₹३०० सांगतोय.

लालबागची_मावशी | शुक्रवार, रात्री १०:२०

मंडळी, ठरलं, आणि झालंही. तुम्ही सांगितलेल्यातलं एकही घेतलं नाही, राग मानू नका.

@सर्व्हर_डाउन यांची परवान्याची ओळ वाचली आणि रात्रभर तीच डोक्यात होती. वहीच केली. चोवीस कॉमिक्स निवडली, नंबरांच्या क्रमाने लावली. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर माझ्या अक्षरात मराठी: कोण काय म्हणतंय आणि माउसवाली ओळ. विनोद मात्र समजावला नाही. त्याऐवजी खाली एकच प्रश्न. ३२७ खाली लिहिलंय, "शेवटच्या दोन रेघा काढल्या तर?" पहिल्या पानावर रँडल मन्रोंचं नाव आणि परवाना.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: बहुतेक चित्रं काळी-पांढरी, त्यामुळे साधी झेरॉक्स पुरते. पण जुनी चित्रं साधारण ७४० पिक्सेल रुंदच आहेत, ए४ भर ताणली की अक्षरं फुटतात. मी पहिली बारा तशीच काढली आणि परत काढावी लागली. ए५ वर स्वच्छ येतात. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने छपाई, जाड कव्हर आणि स्पायरल मिळून ₹२१० घेतले.

उरलेल्या पैशांतून चार फासे घेतले. चार फाशांत १,२९६ शब्द बसतात, तेवढी मराठी यादी आम्ही दोघी दिवाळीच्या सुट्टीत करणार. पाच शब्दांचा पासवर्ड ५१ बिट्सच्या वर जातो, हिशोब करून पाहिला. @कांदाभजी, यादी झाली की तुम्हाला पाठवते.

'चाय अँड व्हाय' ला तिला पुढच्या वेळी नक्की नेणार. अँटिग्रॅव्हिटी वहीत कारणाशिवाय लिहिलंय.

पवई_टेक | शुक्रवार, रात्री १०:४१

छान. दिवाळीत टॅबवर ऑफर येतात, तेव्हा बघा.

चुनाभट्टीकर | शनिवार, सकाळी ९:१०

वही उत्तम, पण 'थिंग एक्सप्लेनर' बारावीनंतर तरी द्याच. शेजारच्यांच्या मुलीलाही मी तेच दिलंय.

लालबागची_मावशी | सोमवार, सकाळी ८:०५

काल वही दिली. केक कापायच्या आधीच ती कोपऱ्यात जाऊन बसली. तासाभराने आली, "मावशी, झेरॉक्सवाल्याने एक जोडपान कोरं ठेवलंय. वर नुसता ४०४ नंबर आहे." मी म्हटलं, असेल.

रात्री साडेअकराला ताईच्या फोनवरून मेसेज आला. तिने साइटवर ४०४ टाकून पाहिलं होतं, 'पान सापडलं नाही' या एररचा आकडाच तो. "मावशी!!! तो नंबरच नाहीये!!! त्याने खरंच सोडलाय!!!" आणि खाली फोटो. त्या कोऱ्या पानावर तिने पेन्सिलीने एक काडीचा माणूस काढलाय, हातात बॅटरी, काहीतरी शोधतोय.

सापळा_पायथन | सोमवार, सकाळी ८:३०

वहीची पीडीएफ मिळेल का? क्लासमध्ये अकरा मराठी माध्यमाची मुलं आहेत. फी घेतो, पण वही फुकट देईन.

सर्व्हर_डाउन | सोमवार, सकाळी ८:३८

फुकट वाटणार असाल तर माझ्या मते चालावं. मन्रोंचं नाव असलेलं पान काढू नका.

लालबागची_मावशी | सोमवार, सकाळी ८:५०

स्कॅन करते. विक्रोळी आलं, संध्याकाळी टाकते.